बसऱ्याचं काळं लिंबू

माझी सासू बद्रिया शंभरीला टेकली, तरी ताटातल्या माशाचे काटे तिने कुणाला काढू दिले नाहीत. डोळे अधू झाले तर बोटांनी चाचपून काढले. गेल्या रमजानच्या आधी ती गेली, कुवेतमध्ये सालमियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वतःच्या पलंगावर. आदल्या दिवशी मला म्हणाली, "बिल्कीस, बाल्कनीतली लिंबं उलटी कर. एका अंगाने ओली राहतात." जन्मभर हुकूम सोडले, शेवटचासुद्धा कामाचाच सोडला.

म्हणून आमच्याच गावच्या मुझफ्फरची बायको खैरुन्निसा माझ्या सोफ्यावर बसून, माझा चहा पिऊन, "भाभी, तुमच्या सासूबाईंचं नाव मंगनीत नको घेऊया" असं म्हणाली, तेव्हा मी तिच्या हातातला कप काढून घेतला नाही, ही माझी मेहरबानी समजा.

मंगनी, म्हणजे साखरपुडा, माझ्या नातीची, शाझियाची. मुलगा खैरुन्निसाचा ओवैस. दोघांची घरं रत्नागिरीकडच्या सावरखाडीची, आणि दोघं जन्मली, वाढली इथे कुवेतमध्ये. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, आम्हाला मागून कळवलं. ओवैस चांगला. मोठ्यांसमोर फोन खिशात ठेवतो, आजच्या काळात एवढं पुष्कळ.

"का नको?" मी विचारलं.

"माझे भाऊ येणार दुबईहून. ते खानदान बघतात. पणजी कोण, तर लढाईत आणलेली अरब बाई, तिचं घर कुणाला ठाऊक नाही, असं चारचौघांत कसं सांगायचं? दाभोळकडची होती म्हणू. कोण तपासणार आहे?"

"आणि हा फोटो?" मी भिंतीकडे बोट केलं. फोटोत अम्मा, म्हणजे माझी सासू, खुर्चीत बसलेली, काठी हातात, आणि बघणाऱ्यानेच काही चूक केली आहे असा चेहरा.

"तो काय, पाहुणे इथे येतील त्या दिवशी आतल्या खोलीत ठेवा. त्यांचं काहीच मध्ये नको, भाभी. मग आमची काही हरकत नाही."

माझी सून फरजाना स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी विनवत होती. पाहुणी गेल्यावर ती माझ्या पायाशीच बसली. "अम्मी, शाझियाचं लग्न मोडेल. तुम्ही बोललात की माणूस महिनाभर सावरत नाही. शपथ घ्या, मंगनीत एक शब्द बोलणार नाही."

"नाही बोलणार," मी म्हटलं. "आकणी मात्र मीच शिजवणार."

फरजानाला बरं वाटलं. आकणी म्हणजे आमचा मटणाचा भात, आणि ती मीच शिजवावी अशी सगळ्यांची इच्छा होती.

शाझिया बँकेतून आली, तिला मी सगळं सांगितलं. पोरगी अम्माच्या कुशीत वाढलेली. इंग्रजीत काहीतरी पुटपुटली, मग म्हणाली, "दादी, मला ओवैस पाहिजे. आणि बडी दादीपण पाहिजे."

"एकच मिळालं तर?"

ती उठली. बाल्कनीत जाऊन अम्माच्या रिकाम्या खुर्चीत बसली. तिथून समुद्राची एक चीर दिसते, दोन इमारतींच्या मधून. अम्मा ती चीर बघत बसायची आणि म्हणायची, हेच पाणी वर माझ्या गावाला जातं.

अम्माचं गाव बसरा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची फौज तिथे उतरली होती, आणि फौजेच्या लाँचवर आमच्या कोकणातली पोरं तांडेल, खलाशी म्हणून लागली होती. त्यांतला एक माझा सासरा दाऊद. अम्माचा बाप खजुराचा होडीवाला. आई नव्हती, म्हणून खजूर तोलायला ही बसायची. दाऊद रोज खजूर घ्यायला यायचा. त्याला अरबी यायची ती नमाजापुरती. अम्मा सांगायची, "एवढे खजूर कुणी खात नाही. मी समजले." घरात चुलता तिला एका म्हाताऱ्या दलालाला द्यायला बसला होता. तिने बापाला सांगितलं, म्हाताऱ्यापेक्षा हा मुका बरा.

बापाने दाऊदला विचारलं, तुझं घर कसं आहे. ह्याने हातवारे करून दाखवलं, समोर खाडी, मागे उंच झाडं. बाप खूश, म्हणाला आपल्यासारखंच आहे. ती झाडं खजुरीची नाहीत, माडाची निघतील हे त्याला काय माहीत. काझी आला, निकाह झाला, आणि लढाई संपायच्या आत बोटीने मुंबई, तिथून कोकणबोटीने ती सावरखाडीला उतरली. ट्रंकेत दोन झगे, तांब्याची कॉफीची किटली, आणि काळ्या लिंबांची एक बरणी.

गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. लढाईची बायको. छावणीतून उचलून आणलेली. सासूने तिचं ताट वेगळं ठेवलं. बाया तिला बघायला यायच्या, बाजारात नवी म्हैस बघतात तशा, आणि ती समोर बसून त्यांना तशीच बघायची. भाषा शिकली तीही आपल्या रीतीने. शिव्या आधी, बाकीचं मागून. मी सून होऊन गेले तेव्हा आमच्या वाडीत तिच्या तोंडाला लागेल अशी एक बाई उरली नव्हती. मी गेले म्हणून एक झाली. कुणी म्हटलं, तुला उचलून आणली, की ती म्हणायची, "मला कोण उचलणार? तो उभा होता, मी बघितला, मी घेतला."

आता लिंबाचं. बसऱ्याकडे लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात, पार काळी होईपर्यंत. हलवली की आत बिया वाजतात. कालवणात टाकली की असा आंबट, धुरकट वास सुटतो की झोपलेला माणूस उठून बसतो. अम्माची बरणी संपली तेव्हा तिने आमच्याच गावची लिंबं घेतली आणि सोडे-सुकटीच्या शेजारी चटईवर वाळत घातली. लोक हसले. म्हणाले, दाऊदची बायको लिंबं कुजवते.

मग शेजारच्या रबियाचं लग्न आलं. पोरगी लहान, रडून रडून आजारी पडलेली, घास घशाखाली जाईना. आईने सांगून पाहिलं, मौलवीने दुआ फुंकून दम करून पाहिलं. अम्मा उठली, आकणीच्या डेगीत मूठभर काळी लिंबं टाकून आली, कुणाला न विचारता. भात निघाला तसं एक लिंबू तिने रबियाच्या ताटात ठेवलं, बोटाने फोडलं, त्याचा रस भातावर दाबला आणि म्हणाली, "खा. मीपण रडले होते. जेवून रडायला जोर येतो." रबिया जेवली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्या दिवशी सगळ्या मांडवाने डेग खरवडून खाल्ली.

तेव्हापासून सावरखाडीच्या लग्नाला काळं लिंबू लागतंच. पुढे त्याची रीत झाली. मंगनीला मुलाची आई नवरीच्या ताटात काळं लिंबू फोडते, मग घरातला मोठा माणूस उभा राहून दोन्ही घरांची नावं घेतो, आणि मग मंगनी पक्की. लिंबू फुटलं नाही तर मंगनी झाली असं कुणी धरत नाही. पलीकडच्या बोंडवलीत ही रीत नाही, म्हणून आमचे लोक बोंडवलीच्या आकणीला नावं ठेवतात. आणि आता कुवेतपासून केपटाउनपर्यंत कुणालाही विचारा, काळं लिंबू कुठलं? सांगतील, आमच्या गावचं, पूर्वापार. मुझफ्फर तर जमातीच्या दर जेवणात यावर भाषण करतो. आपल्या सावरखाडीच्या बापजाद्यांची देणगी, म्हणतो. अम्मा पहिल्या रांगेत बसून ऐकायची आणि मला कोपराने ढोसायची. "ऐक, ऐक. मी त्याची बापजादी."

मी म्हणायचे, "सांगा ना त्याला."

"कशाला? खातोय ना."

सासरा मुलं लहान असताना तापाने गेला. अम्मा माहेरी गेली नाही. खाडीत तरीची होडी वल्हवून माणसं पैलतीरी पोचवली, गावातली पहिली बाई तसं करणारी, आणि माझ्या नवऱ्याला शिकवलं. फारूक कुवेतला बंदरावर लागला तेव्हा त्याने मला आणि तिला आणलं. विमानतळावर दोन माणसं सामानावरून भांडत होती. अम्मा थांबून ऐकत राहिली. मी म्हटलं, चला अम्मा. म्हणाली, "थांब गो. किती वर्षांनी अरबीत भांडण ऐकतेय. बरं भांडतायत." इथून एकदा बसऱ्याला जाऊन बापाच्या कबरीवर पाणी घालून आली. मागून तिथे लढाई पेटली आणि ती खजुरीची बनं जळाली. पुन्हा जायचं नाव तिने काढलं नाही.

आणि मग लढाई आमच्याच दारात आली. इराकी सैनिक सालमियात शिरले तेव्हा आमचे किती लोक जॉर्डनच्या अम्मान शहरामार्गे घरी निघाले. अम्मा म्हणाली, "एका लढाईत घर सोडलं, पुरे झालं." आम्ही राहिलो. एका दुपारी बुटाने दार वाजवलं. फारूक पांढराफटक पडला. अम्माने दार उघडलं. समोर बंदूक घेतलेलं पोरगं, मिसरूडही धड नाही. ती त्याच्याशी बसऱ्याच्या बोलीत बोलली. पोरगं थबकलं.

"कुठला तू?"

"अबुल खसीबचा."

"आई आहे?"

"आहे."

"तिला माहीत आहे, तू लोकांच्या घरात बूट घालून शिरतोस?"

त्याने खाली बुटांकडे बघितलं. दोन पावलं मागे झाला. अम्माने त्याला तिथेच उभं करून चहा पाजला, आणि कप परत देताना तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणाला. आमच्या मजल्यावर पुन्हा कुणी आलं नाही. पुढे कुवेत सुटलं, तेव्हा इराकी बोलीचा वास आला तरी लोक वळून बघत. मग ही बाई कित्येक वर्षं दुकानात आमची कोकणी आणि मोडकं हिंदी बोलली. तिला गप्प कुणी केलं नाही. तिने भाषा बदलली, आवाज तोच ठेवला.

अशा बाईला दाभोळची करायला निघाले होते.

मंगनी शुक्रवारी होती, खैरानला, समुद्रकाठचं एक शाले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेऊन. हिवाळ्याचं कोवळं ऊन, मुलं वाळूत. मागच्या अंगणात मी डेग चढवली. मटण चांगलं, तांदूळ चांगला, गरम मसाला माझ्या हातचा. काळं लिंबू नाही. बरणीला मी हातच लावला नव्हता.

फरजाना दोनदा येऊन झाकण उघडून गेली. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं.

"अम्मी, वास..."

"मी एक शब्द बोलणार नाही, अशी शपथ आहे," मी म्हटलं.

बाहेरच्या दालनात पुरुषांच्या जेवणाचं दस्तरखान, आत आमचं. मधलं दार उघडं. खैरुन्निसाच्या भावजया दुबईहून आलेल्या, बांगड्यांनी हात जड, बसल्या बसल्या पडद्यांची किंमत करत होत्या. शाझिया हिरव्या ओढणीत, मान खाली. पहिला घास गेला असेल, तोच बाहेरून मुझफ्फरचा आवाज आला.

"अरे, आज आकणीला काय झालंय?"

कुणीतरी म्हणालं, "बोंडवलीची वाटते."

आमच्यात याहून मोठी शिवी नाही. हसू फुटलं, मग जो तो पुन्हा चाखून बघू लागला, कारण खरंच तशी लागत होती. मी माझा घास खात होते. वाईट नव्हती, नुसता मटणाचा भात होता.

मग वेळ आली. खैरुन्निसा उठली, शाझियाच्या ताटाशी बसली, बाह्या सावरल्या आणि बोटं भातात घातली. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. थाळा आणवला, त्यात बघितलं. भावजया माना लांब करून बघत होत्या.

"बिल्कीसभाभी, लिंबू कुठे आहे?"

मी फरजानाकडे बघितलं. "विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, नाही का?"

फरजानाने डोळे मिटून घेतले.

"लिंबू टाकलं नाही," मी सांगितलं. "तूच म्हणालीस, माझ्या सासूचं काहीच मध्ये नको."

"सासूचा इथे काय संबंध? काळं लिंबू आपल्या गावचं. पूर्वापारचं."

"गावचं? तुझ्या सासूबाईंच्या लग्नाआधी सावरखाडीच्या कुठल्याच लग्नात काळं लिंबू नव्हतं. बसऱ्याचं आहे ते. ट्रंकेतून आलं. ज्या बाईचं खानदान कुणाला ठाऊक नाही, तिच्या ट्रंकेतून. ती यायच्या आधी तुमच्या बापजाद्यांची आकणी कशी होती ते मी आज शिजवून घातलंय. पोटभर जेवा. निर्भेळ आहे."

मोठी भावजय म्हणाली, "हे काय, मंगनीत असं बोलतात?"

"बाय, मी बोलत नव्हते. शिजवत होते."

मुझफ्फर मधल्या दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याला हाक मारली. "मुझफ्फर, इकडे ये. पहिलं लिंबू कुणाच्या ताटात फुटलं, तुला माहीत आहे? रबियाच्या. तुझ्या आईच्या. नाही म्हणून दाखव."

माणूस भाषणांचा, पण आता नुसता दोन पावलं आत आला. मग हळू म्हणाला, "आई सांगायची... लग्नात रडत होते तेव्हा एका भाभीने मला जेवू घातलं. जेवून रड म्हणाली. ते ह्या?"

"दुसरी कोण तसं बोलेल?" मी म्हटलं.

खैरुन्निसा ताटाशी तशीच बसलेली, बोटांना भात चिकटलेला. "अहो, ते असू दे. भाऊ बसलेत बाहेर. आता करायचं काय? लिंबाशिवाय मंगनी कशी होणार?"

मला वाटलं, मोडलं. खरंच वाटलं. पोरीचा संसार मी एका डेगीत बुडवला. पण मान खाली घालणं मला अम्माने शिकवलं नव्हतं, तेव्हा मी ताठ बसून राहिले.

शाझिया उठली. नवरीने उठायचं नसतं. खोलीच्या कोपऱ्यातून तिने बँकेत नेते ती पिशवी आणली आणि तिच्यातून बरणी काढली. अम्माची बरणी, बाल्कनीतल्या शेवटच्या लिंबांची. घरून माझ्या नकळत उचलून आणलेली. तिने बरणी हलवली. बिया वाजल्या.

"आंटी," ती खैरुन्निसाला म्हणाली, आणि पोरगी चक्क मराठीत बोलली, "बडी दादीचं नाव पूर्ण घेणार असाल तर झाकण उघडते. नाहीतर मी ओवैसला सांगेन की आपली मंगनी राहिली."

बाहेरून ओवैसचा आवाज आला, "मला ऐकू आलंय. अम्मी, नाव घ्या ना."

बाहेर पुरुषांत कुणीतरी हसलं. मग आमच्यातही हसू पसरलं, आणि सगळ्यांत आधी हसली ती दुबईची धाकटी भावजय. म्हणाली, "खैरुन, घे गे ते लिंबू. मला पण एक द्या, हे नुसतं जात नाही घशाखाली."

खैरुन्निसाने नवऱ्याकडे बघितलं. मुझफ्फर म्हणाला, "बघतेस काय? माझी आई त्या बाईच्या हातचं जेवून ह्या घरात आली." मग तिने हात पुढे केला. शाझियाने झाकण उघडलं. तो धुरकट, आंबट वास सुटला, समुद्राच्या वाऱ्यालाही दाबून टाकणारा. मी उरलेली लिंबं घेऊन मागे गेले, डेगीत टाकली, पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवून पुन्हा दम दिला. कुणी घाई केली नाही. गावच्या आकणीसाठी माणसं ताट पुढे घेऊन बसून राहिली.

दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा खैरुन्निसाने शाझियाच्या ताटात लिंबू फोडलं. बोटं काळी झाली. मी म्हटलं, "नीट दाब. रस आत असतो."

"कळतंय हो, भाभी," ती म्हणाली, पण दाबलं नीट.

मग मुझफ्फर उभा राहिला. आपल्या घरची नावं घेतली. आमच्या घरावर आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मुलगी शाझिया, बाप इम्तियाज, आजोबा फारूक, पणजोबा दाऊद तांडेल. आणि पणजी बद्रिया, खजूरवाल्या होडीकराची मुलगी, राहणार बसरा, मग सावरखाडी, मग कुवेत. आपल्या गावाला काळं लिंबू जिने दिलं ती." एवढ्यावर थांबेल तो मुझफ्फर कसला. बापजाद्यांचं भाषण त्याने तिथल्या तिथे बापजादीचं करून टाकलं, आणि चांगलं अर्धा तास ऐकवलं. पहिल्यांदाच मला ते लांबलं नाही.

निघताना खैरुन्निसा रिकामी बरणी हातात घेऊन माझ्याजवळ आली. "भाभी, लग्नाला लागतील तेवढी लिंबं आता कोण वाळवणार?"

"तू," मी म्हटलं. "सबाह अल-सालेमला तुझी गच्ची मोठी आहे. उद्या ये, दाखवते. रोज उलटी करावी लागतात, एका अंगाने ओली राहतात."

ती आली. शनिवारी सकाळीच आली, लिंबांची गोणी ओवैसच्या खांद्यावर देऊन. अम्माचा फोटो होता तिथेच होता. खैरुन्निसा त्याच्या खाली बसली आणि लिंबं धुवायला लागली.